रंग काढायचाय न्हाणीला

डोक्यावर पाणी घ्यायला तांब्या बादलीत बुडवला आणि वरून हातभर लांबीचा पोपडा सुटून थेट पाण्यात. अर्धा बादलीत, अर्धा माझ्या केसांत. बादलीतला तुकडा होडीसारखा तरंगत होता. उचलून पाहिला तर वर गुलाबी ऑइल पेंट, त्याखाली पोपटी डिस्टेंपर आणि पाठीला निळसर पांढरी पूड. गुलाबी आमच्या मुलीच्या बारशाचा, १९९७ चा. पोपटी धाकट्या वन्संच्या लग्नाचा. आणि ती निळसर पूड सासूबाईंच्या चुन्याची, त्यात त्या चिमूटभर नीळ घालायच्या. घरातले सगळे समारंभ असे एका तुकड्यात हातावर आले.

केस तसेच बांधून मागच्या दारी आले. आमच्या आणि काकूंच्या परड्यात जांभ्याचा गडगा आहे, कमरेएवढा. पावसात त्यावर शेवाळ धरतं, पण दोन दगड कायम स्वच्छ असतात. एक त्यांच्या कोपराचा, एक माझ्या.

काकू पडवीत विळीवर अळू चिरत होत्या.

“काय गो, डोक्याला पीठ कसलं?”

“पीठ नाही काकू, भिंत.”

“न्हाणीची?”

“हो. पश्चिमेची. आता गणपतीआधी रंग काढूनच घेते. तीन आठवडे आहेत. ह्यांनी मिस्त्रींना फोनसुद्धा केलाय.”

काकूंनी विळी आडवी केली. त्यांनी विळी आडवी केली की अळूची भाजी अर्धा तास लांबली असं समजायचं. हात पुसत गडग्याशी आल्या आणि म्हणाल्या, “आपली भाषाच फसवी हो. रंग काढायचा म्हणतो आणि लावून मोकळे होतो. काढत कोण नाही.”

मी हसले, पण त्या हसत नव्हत्या.

“वरच्या आळीतलं ते दोन मजली घर बघ. तीन वर्षं ओळीनं गणपतीला न्हाणी रंगवतायत. पहिल्या वर्षी आकाशी, मग पिस्ता, गेल्या वर्षी जांभळा. चतुर्थीला बघावं तर सिनेमातली न्हाणी. त्रिपुरी पौर्णिमेला जाऊन बघ, नागिणीनं कात टाकल्यासारखी. आणि दोष कोणाला? मिस्त्रीला. त्यानं हलका माल वापरलान म्हणे. अरे, श्रावणात भिंत पिळली तर पाणी निघेल, तिच्यावर सोन्याचं पाणी चढवलंस तरी धरेल का?”

हे मला कसं सुचलं नव्हतं याचंच नवल वाटलं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. आणि अख्ख्या कोकणात घर रंगवायचा मुहूर्त कोणता, तर गणपतीआधीचा पंधरवडा. चाकरमानी येणार, पाहुणे येणार, म्हणून भिंत सगळ्यात जास्त ओली असते नेमक्या त्याच दिवसांत आपण तिला रंग फासतो. माजघराला एकवेळ चालून जातं. न्हाणीला बाहेरून पाऊस आणि आतून आंघोळी.

“मग करू काय?”

“आधी भिंतीला विचार, पाणी कुठून येतंय ते.”

विचारायची रीत काकूंना त्यांच्या भाच्यानं सांगितलेली. तो पुण्याला बांधकामावर असतो. जाड, पारदर्शक प्लास्टिकचा दीड-दीड फुटाचा चौकोन कापायचा, सुटे पोपडे काढून भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावायचा आणि एक दिवस-रात्र हात लावायचा नाही. मी गादीवरचं प्लास्टिक कापून दोन चौकोन केले. एक पश्चिमेच्या भिंतीला, एक स्वयंपाकघराकडच्या. चिकटपट्टी ओल्या भिंतीला धरेना. पुसलं, टेबलफॅन लावला, पुन्हा लावली, पुन्हा सुटली. चौथ्या खेपेला बसली. ह्यांनी आंघोळीला जाताना विचारलं, “हे काय, भिंतीला पोटीस?”

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर पश्चिमेच्या चौकोनात आतल्या बाजूला थेंब. टपोरे, भिंतीकडचे. स्वयंपाकघराकडचा चौकोन आतून कोरडा आणि बाहेरून, म्हणजे आमच्या बाजूनं, दमट. दोन भिंती, दोन वेगळी दुखणी. एकीच्या पोटातच पाणी होतं. दुसरीला आमच्या गरम पाण्याची वाफ नडत होती. या दोघींना आम्ही आजवर एकाच डब्यातलं औषध पाजत आलो होतो.

हे गडग्यावर सांगितलं तेव्हा काकूंचा चेहरा डॉक्टरांसारखा झाला.

“नळ तपासलास? गीझरचा पाइप त्याच भिंतीतून गेलाय ना?”

तेही केलं. रात्री सगळे नळ बंद करून टाकीत काठी बुडवली, पाण्याच्या रेघेला खूण केली. सकाळी कोणी नळ सोडायच्या आत पुन्हा बुडवली. खूण जागच्या जागी. पाइप निर्दोष सुटला.

“मग झड,” काकू म्हणाल्या. “तुझ्या सासूबाई मृगाआधी त्या भिंतीला बाहेरून झापं बांधून घ्यायच्या. माडाची, दोन पदरी. तुम्ही काय केलंत?”

आम्ही सुधारलो होतो. बाहेरून सिमेंटचा गिलावा मारून घेतला आणि झापं बंद केली. चार पावसाळे बरे गेले, मग गिलाव्याला केसाएवढ्या भेगा गेल्या. जांभा मुळात सच्छिद्र. भेगेतून आत गेलेलं पाणी दगड पिऊन घेतो, आणि बाहेर सिमेंटचं चिलखत असल्यामुळे ते वाळायला बाहेर येऊ शकत नाही. मग ते आत येतं, न्हाणीत. तिथं त्याला आडवा आमचा गुलाबी ऑइल पेंट, रेनकोटासारखा. पाणी येताना दगडा-चुन्यातले क्षार विरघळवून आणतं. पाणी उडून गेलं की क्षार रंगाच्या पाठीमागे स्फटिक होऊन फुगतात आणि रंगाला भिंतीवरून ढकलून देतात. यालाच आपण लोणा लागला म्हणतो.

इथं माझी लाज सांगायला हवी. मी एकतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं. चुन्याच्या निवळीत नळीनं फुंकर मारायची, ती दुधाळ होते, का होते, तर कार्बन डायऑक्साइडमुळे कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं. हा प्रयोग मी किती पोरांकडून करून घेतला त्याला गणती नाही. भिंतीवरचा चुनाही असाच हवेतला वायू घेऊन दगड होतो, आणि दगड झाला तरी त्यातून वाफ आत-बाहेर करत राहते. हे फळ्यावर लिहून घरी आले आणि त्याच चुन्यावर ऑइल पेंटचा डबा उघडला. कारण गुलाबी रंग छान दिसत होता.

“तू निदान पेंटच लावलास,” काकूंनी धीर दिला. “खालच्या वाडीतल्या मास्तरीणबाईंच्या दिरानं मुंबईहून येऊन न्हाणीला पीओपी मारून घेतलंन. आरशासारखी भिंत. म्हणे डोंबिवलीत सगळे असंच करतात.”

“न्हाणीत? काकू, प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे जिप्समच. ओल लागली की मऊ पडायचंच.”

“पडलं ना. चहात बुडवलेल्या बटरासारखं. दीर परत डोंबिवलीला आणि त्या झाडूनं भिंत भरतायत.”

एवढ्यात सर आली म्हणून आम्ही दोघी आपापल्या पडवीत पळालो. पण तोवर माझं ठरलं होतं: या गणपतीला न्हाणीला रंग लावायचा नाही. नुसता काढायचा. मराठीत नव्हे, खरोखरचा.

खरवडायच्या आधी बुरशी. कोपऱ्यात काळे ठिपके होते, ते कोरडे खरवडले तर सगळ्या घरभर उडणार. काकूंकडे टीसीएलची पावडर होती, पंचायत विहिरीत टाकते तीच. पाण्यात कालवायची, गाळ बसू द्यायचा, वरची निवळ घेऊन जुन्या ब्रशनं लावायची, झरोका उघडा, हातात मोजे, आणि नंतर स्वच्छ पाण्यानं धुऊन वाळू द्यायचं.

पुडी गडग्यावरून माझ्या हातात देताना त्यांनी ती सोडली नाही. एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या.

“ह्याच्याबरोबर फरशीचं अॅसिड वापरायचं नाही. आदल्या दिवशीचं असलं तरी धुऊन टाक. मी केलंय ते एकदा.”

मला हे ठाऊकच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी, आम्ही मुलीकडे गेलो होतो तेव्हाची गोष्ट. भिंतीला टीसीएल लावलेलं, आणि काकूंना वाटलं, आहोतच तर फरशीवरचे सिमेंटचे डागही काढू. अॅसिड ओतलं. “अशी एक पिवळट वाफ आली, तिखट, नाकाच्या मुळापर्यंत. मी खाली बसून घासत होत्ये ना. श्वासच मिळेना. रांगत विहिरीपर्यंत आल्ये. आठ दिवस खोकला.”

क्लोरीन. हवेपेक्षा अडीच पट जड, म्हणून तळाला साठतो. उभ्या माणसाला वास येईपर्यंत पाटावर बसलेल्याच्या छातीत गेलेला असतो. मी हे त्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “तुझ्या पोरांना शिकवलंस ते मला गडग्यावरून आधीच सांगितलं असतंस तर!” यावर उत्तर नव्हतं. मी पुडी घेतली.

खरवडायचं काम ह्यांनी अंगावर घेतलं. निवृत्त माणसाला भिंत द्यावी, दोन दिवस घरात शांतता. पण नियम माझे. हा रंग १९९७ चा, आणि घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत ९० भागांच्या वर नको हा केंद्राचा नियम लागू झाला २०१७ च्या नोव्हेंबरात. म्हणजे आमच्या गुलाबीत काय असेल ते देव जाणे. म्हणून कोरडं घासायचं नाही, पाण्याचा फवारा मारत ओलं खरवडायचं, तोंडाला चांगला मास्क, आणि नातवंडं येतील त्याच्या आत सगळा केर पिशवीत बांधून बाहेर. मोरीच्या भोकावर जाळी, जाळीवर फडकं. हे शेवटचं काकूंचं. कोणाच्या तरी मोरीत पोपडे आणि चुना जाऊन असा सांधा बसला की गवंड्याला छिन्नी घेऊन यावं लागलं. कोणाच्या ते त्यांनी नावासकट सांगितलं, मी लिहीत नाही. ते घर गडग्यावरून दिसतं.

खरवडायचा पत्रा कसा धरायचा हे मात्र मिस्त्रींनी दाखवलं. ते आले होते मापं घ्यायला. ‘या वर्षी रंग नाही’ म्हटल्यावर जरा हिरमुसले, पण चहा होईपर्यंत भिंतीशी उभे राहिले आणि बोटाच्या पेरानं ठोकत गेले. टक, टक, टक, आणि मग एकदम बद. “हे बघा, हितं पोकळ.” पेन्सिलीनं गोल केला. पुन्हा टक, टक, बद. दहा मिनिटांत पश्चिमेची भिंत देवीच्या व्रणांसारखी गोलांनी भरली. जिथं बद, तिथला गिलावा दगडापर्यंत काढायचा, दया नाही. जिथं टक, तिथला फक्त रंग. आणि पत्रा कसा, तर जवळजवळ निजवून. पोपड्याच्या फाटलेल्या कडेखाली त्याचं टोक सारायचं आणि भिंतीला समांतर ढकलत जायचं. सुटणारा रंग स्वतःहून सुटतो, चर्रर्र करून. एका जागी येऊन तो अडतो, पत्रा पुढं जात नाही. तिथं थांबायचं. पत्रा उभा करून जोर केला की भिंतीला खड्डे पडतात आणि मग पुट्टीचा खर्च वाढतो. “लोक जोर करतात न्हाई तिथं, आन् सुटा राहिलेला सोडून देतात,” ते म्हणाले.

ह्यांनी पहिल्या दिवशी जोर केला. दुसऱ्या दिवशी पत्रा निजवला.

गुलाबी मोठमोठ्या पट्ट्यांनी निघाला, खाली पोपटी घेऊनच. त्याचंही कारण होतं. ते जुनं डिस्टेंपर म्हणजे खडूची पूड आणि सरस. ओल्या स्पंजानं पुसलं तरी हाताला येतं. असल्या पिठावर ऑइल पेंट बसला होता, म्हणजे भिंतीवर नव्हताच कधी. पीठ राहील तिथपर्यंत पुसून काढलं. तीन बादल्या पोपटी पाणी गेलं. मग तळहात फिरवून बघायचं, हाताला पांढरं लागतंय का. लागतंय तोवर पुसायचं. लोण्याच्या पांढऱ्या बुरख्याला मात्र पाणी दाखवायचं नाही, नाहीतर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात; तो कोरड्या ताठ ब्रशनं झाडून सुपलीत घ्यायचा. आम्ही झाडला, चार दिवसांनी पुन्हा आला, पुन्हा झाडला. पाऊस आहे तोवर येतच राहणार म्हणे.

पुढचं काम दिवाळीनंतरचं. बाहेरच्या भेगा बुजवायच्या, आणि काकूंच्या हट्टानं पुढच्या मृगाआधी झापं बांधायची. माड आमचेच आहेत. पोकळ काढलेल्या जागी सिमेंट थापायचं नाही, चुन्याचाच गिलावा, कारण मऊ भिंतीत सिमेंटचं कडक ठिगळ कडेनं सुटतं. पश्चिमेच्या भिंतीला चुनाच द्यायचा, भिजवलेला, गाळलेला, डिंकाचं पाणी घातलेला, म्हणजे टॉवेलाला लागणार नाही. स्वयंपाकघराकडची भिंत आमची आम्ही सिमेंटनं गिलावलेली आणि आतून कोरडी. तिला आधुनिक लाड चालतील. व्हाइट सिमेंटची पुट्टी, भिंत किंचित ओलसर करून पातळ दोन हात, वाळल्यावर पॉलिश पेपर, प्रायमर, मग रंग. झरोक्याला लावलेली काच काढून तिथं छोटा पंखा. पूर्वी न्हाणीत चूल असायची, तिच्या धगीनं भिंती शेकून निघायच्या आणि झरोक्यातून वाफ जायची. आम्ही चूल काढली, झरोका बुजवला आणि वर भिंतीलाच नावं ठेवत बसलो.

ही सगळी यादी मी काकूंना वाचून दाखवली. त्यांनी एकच दुरुस्ती केली. पुट्टी घासल्यावर ट्यूबच्या उजेडात भिंत बघायची नाही, हातात बल्ब घेऊन भिंतीच्या कडेला आडवा धरायचा, म्हणजे प्रत्येक खळगा सावली पाडतो. “मुलगी बघायला गेल्यावर जशी माणसं खिडकीपाशी बसवतात ना, तसं,” म्हणाल्या. काकूंचे दाखले असे असतात.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी वन्सं डोंबिवलीहून आल्या. पोटात गोळा होता. सगळ्या घराला झाडलोट, दाराला तोरण, माटोळी बांधून झालेली आणि न्हाणीत ती भिंत, अर्धी दगड, अर्धी चुना, पेन्सिलीच्या गोलांसकट. वन्सं रात्रभराच्या गाडीच्या, आल्या त्या थेट आंघोळीला गेल्या. बराच वेळ पाण्याचा आवाज आला नाही.

मी दाराशी जाऊन विचारलं, “काय झालं, पाणी गरम नाही का?”

“गरम आहे,” आतून म्हणाल्या. “वहिनी, हा आईचा निळा आहे ना?”

खरंच होता. पोपटी पुसून निघाल्यावर टाइल्सच्या वर, जिथं भिंत टक वाजत होती तिथं, सासूबाईंचा चुना तसाच होता. फिकट, कुंच्याचे आडवे-उभे फटकारे दिसतील असा. एका जागी त्यांचा हात पोचला नव्हता, तिथं कुंचा उडी मारून लावल्यासारखी एक वेडीवाकडी रेघ. इतक्या पावसाळ्यांत तो सुटला नव्हता. आंघोळ करून वन्संनी मोबाइलमध्ये त्या रेघेचा फोटो काढला आणि बाकी भिंतीबद्दल अक्षर बोलल्या नाहीत.

हे सांगायला मी दुपारी गडग्यावर गेले. काकूंच्या हाताला मोदकाची उकड लागलेली. पूर्ण ऐकून घेतलं, मान हलवली.

“तो राहू दे मग तेवढा. वरून नवा चुना फासू नको.”

“मिस्त्रींना सांगते तसं.”

“आणि मिस्त्रीला आत्ताच सांगून ठेव कधी यायचं ते. भिंत खरी वाळते माघ-फाल्गुनात. पण शिमग्याचे दिवस देऊ नको त्याला. तो पालखी नाचवतो, तेव्हा कोणाला मिळायचा नाही. त्याच्या आधी धर, नाहीतर मग पाडव्यानंतर.”

“पाडव्यानंतर आंबे,” मी म्हणाले.

“हां, तेही आहेच,” काकू म्हणाल्या आणि उकड वाळत होती म्हणून आत गेल्या.